ओळीखालची रेघ

मूल शाळेत गेले की त्याला आधी अक्षर शिकवतात असा आपला समज असतो. खरे पाहिले तर आधी शिकवतात ती रेघ. उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ. मग या रेघांना कान फुटतात, पोट येते आणि त्यांची अक्षरे होतात. पण एकदा अक्षर आले की रेघेचे उपकार कोणी स्मरत नाही. सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धा भरतात, सुंदर रेघेची स्पर्धा भरल्याचे मी ऐकलेले नाही. भाषेनेही तिच्यावर अन्यायच केला आहे. निरर्थक लिहिणे म्हणजे रेघोट्या ओढणे. एखाद्याचे नाव रद्द करणे म्हणजे त्यावर रेघ मारणे. लक्ष्मणाने आखलेल्या रेषेचे नाव सर्वतोमुखी झाले खरे, पण ते ती ओलांडली गेली म्हणून! सीतामाई पर्णकुटीतच थांबली असती तर त्या बिचारीची आठवण कोणी ठेवली असती?

या उपेक्षित रेघेचा कैवार घ्यावासा मला वाटतो, याचे कारण उघड आहे. माझे पोट तिच्यावर चालते. जळगावात बसून मी व्यापाऱ्यांना लागणारे हिशेबाचे तक्ते संगणकावर बसवून देतो. कुणी आडत्या, कुणी डाळमिलवाला, कुणी रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी. शेजारीपाजारी विचारतात, "तुम्ही म्हणजे संगणकावर नेमके काय करता?" पूर्वी मी सविस्तर सांगत असे. आता सांगतो, "रेघा आखतो." ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. इतके शिकून रेघाच आखायच्या होत्या तर एवढी फी कशाला भरली, असा भाव त्यावर स्पष्ट उमटतो. परंतु मी थट्टा करीत नसतो. आमच्या धंद्यात ज्याला ग्रिड म्हणतात, म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला तक्ता, त्यातल्या प्रत्येक ओळीखाली रेघ द्यावी की न द्यावी, दिली तर किती जाड, कोणत्या रंगाची आणि ती कोणाच्या मालकीची, या विचारात माझे दिवसच्या दिवस गेले आहेत.

आपल्या जुन्या वह्यांना ही काळजी नव्हती. सराफ बाजारातल्या एखाद्या पेढीवर अजूनही लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही पाहायला मिळते. तिचे पान उघडून पाहा. आत एकही छापील रेघ नसते. पानाला उभ्या घड्या घालून सळ पाडलेले असतात. त्या सळांमध्ये जमा एकीकडे, नावे दुसरीकडे. रकम कोणत्या सळात बसवायची हे मुनीमाच्या हाताला पाठ असते. रेघ शाईची नाही, कागदाच्या अंगातच मुरलेली आहे. दिसते म्हटले तर दिसते, नाही म्हटले तर नाही. आजचे चित्रकार ज्या साधेपणासाठी धडपडतात तो आमच्या मुनीमांनी घडीवर घडी घालून केव्हाच साधला होता.

पोथ्या लिहिणारांची युक्ती याहून मौजेची. लाकडी फळीवर सारख्या अंतराने दोरे ताणून बांधायचे, त्यावर कोरा कागद ठेवायचा आणि बोटाने दाबत जायचे. दोऱ्यांचा वळ कागदावर उमटतो. शाईचा थेंबही न सांडता पान आखून तयार! धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. अशी जुनी हस्तलिखिते पाहताना लोक अक्षराच्या वळणाला दाद देतात. माझी नजर मात्र ओळींकडे जाते. एवढ्या सरळ त्या राहिल्या कशा? लिहिणाऱ्याचा हात चांगला होता यात शंका नाही. पण त्या हाताला आधार देणारी एखादी मुकी रेघ खाली असली पाहिजे, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

मोडी लिहिणाऱ्याने तर रेघेला पहिला मान दिला. बाळबोधीत आपण अक्षर लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ ओढतो. मोडीत उलटे. आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांब रेघ ओढायची आणि मग वाळत घातलेल्या कपड्यांसारखी अक्षरे तिच्याखाली लटकवीत जायची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांनी जन्मभर जमवलेल्या दप्तरांच्या आधारावर त्याच गावी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. तिथला एखादा मोडी कागद पाहिला की माझ्या धंद्यातला सगळा वाद मला मिटल्यासारखा वाटतो. ओळ आधी की मजकूर आधी? कारकुनाने पेशव्यांच्या काळीच उत्तर देऊन ठेवले आहे : ओळ आधी. मजकूर मागून येईल, आणि नाही आला तरी जागा तयार राहील.

संगणकाने मात्र सुरुवातीला रेघेला दाराबाहेरच ठेवले. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिजिकॅल्क नावाचा आकडेमोडीचा तक्ता बाजारात आणला. त्याने लहान संगणकाला दुकानात शिरकाव मिळवून दिला. त्याच्या वरच्या काठावर अक्षरे होती, डाव्या काठावर ओळींचे आकडे होते. पण मधल्या मैदानात रेघ नव्हती. पुढे १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला. त्याच्या अक्षरांच्या संचातच एकेरी रेघ, दुहेरी रेघ, कोपरे आणि फुल्या यांची चिन्हे घातलेली होती. रेघ आली, पण ती अक्षराच्या पोटी आली. त्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत. रेघ ओढायची तर त्या पंचवीसांतली एक अख्खी ओळ तिला द्यावी लागे. प्रत्येक नावाखाली रेघ घातली की निम्मा पडदा रेघांनीच खाल्ला! तेव्हा रेघ ही चैन होती. रकान्यांच्या मथळ्याखाली एक आणि बेरजेखाली एक, एवढ्यावर संसार भागवावा लागे. त्या काळच्या छपाईयंत्रातून निघणाऱ्या लांबलचक कागदावर म्हणूनच फिकट हिरवे पट्टे छापलेले येत. रेघेचे काम कागदाच्या रंगाने उरकायचे, म्हणजे यंत्राला तसदी नाही.

मग खिडक्यांचे, चित्रांचे संगणक आले आणि रेघ एका ठिपक्याइतकी बारीक झाली. वस्तू स्वस्त झाली की तिचे काय होते हे मराठी माणसाला सांगायला नको. प्रत्येक चौकटीला चारी बाजूंनी कुंपण घालण्याची साथ आली. पडदा उघडला की तुरुंगाचे गज दिसावेत आणि त्यांच्याआडून बिचारे आकडे डोकावून पाहावेत, असा देखावा! याची प्रतिक्रियाही यथाकाल आली. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन प्राध्यापकाने १९८३ साली आकडे डोळ्यांना कसे दाखवावेत यावर एक ग्रंथ लिहिला. तक्त्यावर खर्च होणारी शाई शक्यतो आकड्यांसाठी खर्च व्हावी, सजावटीसाठी नव्हे, हा त्याचा मुख्य आग्रह. आग्रह रास्त होता. पण गुरूने मीठ कमी करा म्हटले की शिष्य अळणी जेवू लागतात. पुढच्या पिढीने रेघा कमी केल्या नाहीत, पुसूनच टाकल्या. पांढरा शुभ्र पडदा आणि त्यावर तरंगणारी करड्या रंगाची अक्षरे. दिसायला मोठे देखणे. त्यावर दिवसभर काम कोणी करायचे हा प्रश्न अलाहिदा.

तो प्रश्न मला एका आडत दुकानात भेटला. दुकानाचे नाव सांगत नाही. मुनीमजी सत्तरीला आलेले, एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्याचे व्हायचे. दुकानात बाहेरगावच्या एका मोठ्या कंपनीचा नवा हिशेब बसवला होता. पडद्याच्या डाव्या टोकाला शेतकऱ्याचे नाव, मग गाव, वाण, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई असे करत करत उजव्या टोकाला रक्कम. नावापासून रकमेपर्यंत चांगले वीतभर अंतर आणि मध्ये एक रेघ नाही. आपल्या खानदेशात तर एका गावात पाच पाटील एकाच दिवशी मूग घेऊन यायचे. नावाचे पहिले अक्षरही कधी कधी तेच. डावीकडून निघालेली नजर उजवीकडे पोचेपर्यंत अर्ध्या ओळीने घसरली की एकाच्या मुगाची रक्कम दुसऱ्याच्या पट्टीवर!

आणि तसे एकदा झाले. अकरा क्विंटल आणलेल्याच्या हाती चार क्विंटलची पट्टी पडली. माणूस धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. तो भांडला नाही. पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "मुनीमजी, मना मूग इतला हलका व्हता का?" तोलाईची चिठ्ठी त्याच्या खिशात होती म्हणून घोळ तिथल्या तिथे निस्तरला. पैसे जायच्या आधी सुधारणा झाली. पण शेठच्या मनात जे बसायचे ते बसले. मुनीमजींचे डोळे गेले. दिवाळीनंतर एखादा पोरगा ठेवावा, असे ते माझ्यासमोर बोलून गेले. मुनीमजींनी ते ऐकले होते. चाळीस वर्षे ज्यांनी वहीत एका पैशाची चूक होऊ दिली नाही, तो गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून लाकडी फूटपट्टी घेऊन बसू लागला. ती पडद्यावर आडवी धरायची, एक ओळ वाचायची, फूटपट्टी खाली सरकवायची, दुसरी ओळ वाचायची. दिवसाकाठी अशा तीनतीनशे ओळी. हात भरून येई. ते पाहून दुकानातली पोरे हसत.

मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मुनीमजींनी दुखण्याचे निदान आणि औषध दोन्ही स्वतःच शोधले होते. फूटपट्टी ही ओळीखालची रेघच नव्हे काय? फक्त ती पडद्याच्या आत असायला हवी होती, ती बाहेर राहिली होती.

शेठनी मला विचारले, "तुमच्याने हे होईल का?" मी म्हटले, "होईल." बोलायला एक शब्द लागला. करायला मात्र तीन दिवस लागले, आणि ते का लागले हे सांगितले तर वाचकांना रेघेची दुनिया थोडी कळेल.

पहिला प्रश्न मालकीचा. दोन ओळींमधली रेघ कोणाची? वरच्या ओळीची की खालच्या? प्रश्न वेडगळ वाटतो. पण शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला तो वाटणार नाही. दोन शेतांमधला बांध कोणाचा, या एका प्रश्नावर आपल्याकडे किती पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत आल्या आहेत! धुळ्याकडे आमच्या आप्तांत एक म्हातारे होते. त्यांना कोणी विचारले, "आबा, हाऊ बांध कोना शे?" की ते म्हणत, "दोन्हीसना." आणि दरवर्षी नांगरटीच्या वेळी दोन्हीकडून तो वीतवीतभर कोरला जाई. संगणकात याच्या उलट होते. तिथे बांध दोघांचा म्हटला की दोघेही आपापला बांध घालतात. वरची ओळ आपल्या खाली एक रेघ ओढते, खालची ओळ आपल्या डोक्यावर एक रेघ ओढते, आणि मध्ये दुप्पट जाडीची काळी भिंत उभी राहते. पहिल्या ओळीच्या वर आणि शेवटच्या ओळीच्या खाली मात्र एकेरीच. सगळा तक्ता बेंगरूळ दिसतो आणि कारण सापडत नाही.

यावर तोड एकच. मालकी वाटून द्यायची. प्रत्येक ओळीने फक्त आपल्या पायाखालची रेघ सांभाळावी. डोक्यावरची शेजाऱ्याची समजावी. सर्वांत वरच्या ओळीच्या डोक्यावर मथळ्याची रेघ असतेच. आमच्या एका नेहमीच्या साधनात चौकटीची जाडी चार आकड्यांनी सांगतात : डावी, वरची, उजवी, खालची, या क्रमाने. शून्य, शून्य, शून्य, एक. माझा निम्मा संसार या चार आकड्यांवर चालला आहे. त्याच साधनात आणखी एक सोय असते : रेघा सगळ्या हव्यात, फक्त आडव्या हव्यात, फक्त उभ्या हव्यात की मुळीच नकोत, हे एका शब्दात सांगता येते. मी बहुधा आडव्या घेतो. उभ्या रेघांची गरज आकडेच भागवतात. ते उजव्या बाजूने एकाखाली एक नीट बसवले की त्यांचा आपोआप सळ पडतो. दोन्हीकडून रेघा हव्यात त्या कापसाच्या शेतात. तिथे उभे-आडवे पट्टे काढून फुलीवर बी टोचतात, त्या चौफुलीमुळे कोळपे दोन्ही अंगांनी फिरवता येते. हिशेबाच्या वहीत नजर आडवीच फिरते. तिच्यापुरता एकच रस्ता पुरे.

दुसरा प्रश्न जाडीचा. मुनीमजींना अक्षर मोठे हवे म्हणून त्यांच्या पडद्यावरचे सगळेच सव्वापट मोठे केलेले होते. अक्षर सव्वापट होते, त्याला हरकत नाही. पण एका ठिपक्याची रेघ सव्वा ठिपका कशी व्हावी? ठिपका म्हणजे काही गुळाचा खडा नव्हे, त्याचा चतकोर तोडता येत नाही. मग यंत्र आपल्या बुद्धीप्रमाणे कुठे एक ठिपका घेते, कुठे दोन, कुठे दोहोंच्या मधले काही धुरकट. एका घरातले भाऊ, पण कोणी जाड, कोणी रोड. नजर उगीचच जाड रेघेवर अडखळते आणि वाचणाऱ्याला वाटते, इथे काही विशेष आहे काय? विशेष काही नसते. म्हणून रेघांना पूर्ण ठिपक्यावरच बसण्याची सक्त ताकीद द्यावी लागते. ती दिली.

तिसरा प्रश्न आपल्या लिपीचा, आणि तो सर्वांत अवघड. हे तक्ते मुळात रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेले. रोमन अक्षर साधेसुधे. डोक्यावर टोपी नाही, पायात फारसे काही नाही. आपल्या अक्षराचा थाट निराळा. वर वेलांट्या, मात्रा, रफार; खाली उकार, ऋकार; आणि मधोमध शिरोरेघ. रोमन मापाच्या ओळीत 'मूग' बसवला तर उकार खालच्या रेघेत रुततो, 'शेंगदाणे' बसवले तर अनुस्वार वरच्या रेघेला थडकतो. विंडोजमध्ये २००० सालाबरोबर मंगल नावाचे देवनागरी अक्षर आले, २०१२ च्या सुमारास निर्मला आले. दोन्ही नावे कशी माहेरवाशिणींसारखी! आल्या तशा अंग चोरून बसवून घेण्यात अर्थ नाही, त्यांना ऐसपैस जागा द्यायला हवी. शिवाय शिरोरेघ आणि ओळीची रेघ यांत तंटा लागतो तो वेगळाच. दोन्ही आडव्या, दोन्ही सारख्या काळ्या. डोळ्याला कळत नाही की अक्षर कोणत्या रेघेला लटकले आहे. म्हणून मराठी तक्त्यात ओळीची रेघ फिकी असावी, आणि तरी मोतीबिंदूवाल्याला दिसावी इतकी गडद असावी. या दोन टोकांच्या मधला करडा रंग शोधण्यात तिसरा दिवस गेला. मी एकेक छटा दाखवीत होतो आणि मुनीमजी लग्नाची साडी निवडणाऱ्या वडीलधाऱ्या बाईसारखे मान हलवीत होते. शेवटी एका छटेवर म्हणाले, "भाऊ, ही राहू द्या. ही दिसते, पण बोलत नाही."

रेघेची इतकी नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही.

शेवटी बेरजेच्या खाली, जुन्या रिवाजाप्रमाणे, दुहेरी रेघ दिली. बेरीज झाली, आता यापुढे कोणी काही घुसडू नये, असा तिचा अर्थ. फूटपट्टी खणात गेली. दिवाळीनंतर पोरगा आला नाही. मुनीमजींनी पुढे तीन दिवाळ्या त्याच गादीवर काढल्या आणि मग आपण होऊन, स्वतःच्या पायांनी घरी गेले.

एखाद्याची भाकरी रेघेवर अवलंबून असते हे मी त्या दुकानात पाहिले. एखाद्याची जमीनही असते, हे सातबाऱ्याने दाखवले. महाराष्ट्र सरकारने २०२० साली सातबाऱ्याचे रूप पालटले. गावाच्या नावाबरोबर सांकेतिक क्रमांक आला, क्षेत्राची एकके स्पष्ट लिहिली जाऊ लागली, खातेदाराच्या नावासमोर त्याचा खाते क्रमांक आला. या बदलांच्या यादीत दोन बाबी अशा होत्या की त्या वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसलो. एक म्हणजे दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ घालायची, म्हणजे कोणते नाव कुठे संपते ते स्पष्ट दिसेल. दुसरी, मयत खातेदाराचे नाव किंवा फिटलेला बोजा पूर्वी नुसता कंसात दाखवीत, तो आता आडवी रेघ मारून खोडलेला दाखवायचा. अवघ्या राज्याच्या शेतजमिनीच्या कागदावर ओळीच्या रेघेचा विचार झाला होता! माझ्या शेजाऱ्यांना ही बातमी मी मुद्दाम वाचून दाखवली.

या दोन रेघांत केवढे अंतर आहे! एक नावाखाली असते, एक नावावरून जाते. जाडी तीच, लांबी तीच. फक्त चार-सहा ठिपके वर सरकली की जिवंत माणूस मयत होतो. आणि केवळ मयतच नव्हे. मुलीला वडिलांच्या वाडवडिलार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली दिला. कायद्याने मुलीच्या नावाला ओळ मिळाली. पण आपल्या घरातून हक्कसोडपत्र नावाचा एक कागद फिरत असतो. भाऊबीजेला ओवाळणी घातल्यावर चार दिवसांनी भाऊ तो पुढे करतो, बहीण सही करते, आणि फेरफार होऊन तिचा हक्क उतरतो. कोणी जबरदस्ती केलेली नसते. माहेर तुटू नये म्हणून तिने स्वतःच स्वतःच्या नावावर रेघ ओढून घेतलेली असते.

माझ्या एका मावशीने ती ओढली नाही. जमीन फार नव्हती. धुळे तालुक्यातला कोरडवाहू तुकडा, तिघांत वाटला तर बकऱ्या चारायला पुरला असता. मामांनी कागद पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "मला जमीन कसायची नाही, विकायची नाही, उत्पन्नही नको. पण आबांच्या नावाखाली माझे नाव राहू दे." दोन वर्षे मामा बोलले नाहीत. त्या दोन दिवाळ्या तिच्या कशा गेल्या ते मी जवळून पाहिले आहे. फराळाचा डबा दोन्ही वर्षी तिने पाठवला, आणि दोन्ही वर्षी तो रिकामा परत आला तो कोणा तिऱ्हाइताच्या हातून. तिसऱ्या वर्षी मामा स्वतः आले. सही मागायला नव्हे, नुसते आले.

नवा उतारा निघाला तो मी तिला नेऊन दाखवला. तिला वाचता येते, पण बारीक अक्षर दिसत नाही. आबांच्या नावावर आडवी रेघ होती. तिने बोट ठेवले आणि थोडी दुखावून म्हणाली, "यांना खोडले काय?" मी सांगितले, "खोडले नाही मावशी, ते गेले अशी खूण आहे." ती काही बोलली नाही. मग बोट खाली सरकले. मोठ्या मामांचे नाव, रेघ. धाकट्या मामांचे नाव, रेघ. मग तिचे. त्याच मापाचे अक्षर, त्याच मापाची ओळ आणि वर भावांच्या नावाखाली आहे तेवढीच, कमी नाही की जास्त नाही, अशी एक रेघ. "ही माझी?" तिने विचारले. मी म्हटले, "ही तुझी."

माझ्या धंद्यातल्या चार आकड्यांचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला. रेघ कुंपण घालते, वाटणी करते, माणसांना तोडते, असे कवी म्हणतात आणि ते खोटे नाही. पण नावांच्या गर्दीत, जिथे एकाचे दुसऱ्यात सहज मिसळून जाते, तिथे हीच रेघ दुबळ्याला म्हणते, हे इथपर्यंत तुझे. दांडग्याला रेघेची गरज नसते. तो दोन्ही बाजूंनी नांगर घालतो. रेघ लागते ती ज्याचा मूग अकरा क्विंटल आहे पण आवाज लहान आहे त्याला. ज्याचे डोळे गेले पण इमान गेले नाही त्याला. ज्या बहिणीला भावाशी भांडायचे नाही पण पुसलेही जायचे नाही तिला.

दिवाळी आली की जळगावच्या बाजारात अजून लाल वह्यांचे ढीग लागतात. हिशेबाचे वर्ष दिवाळीचे राहिलेले नाही. १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून आयकराने सर्वांना एप्रिल ते मार्चच्या एकाच दावणीला बांधले. तरी पूजा दिवाळीलाच होते. पेढीवर वही मांडतात, पहिल्या पानावर श्री काढतात, हळदकुंकू वाहतात. आणि शेजारच्या संगणकालाही वाईट वाटू नये म्हणून त्याच्या कपाळावर एक बोट टेकवतात. कळफलकात अडकलेल्या अक्षता मी दर मार्गशीर्षात काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काही हौशी शेठ मला बोलावतात आणि नव्या तक्त्याची कोरी पाटी पडद्यावर लावून ठेवायला सांगतात. अजून एकही नाव आलेले नसते, एकही आकडा नसतो. नुसत्या फिकट आडव्या रेघा, सारख्या अंतरावर, खालपर्यंत गेलेल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात नांगरून, वखरून, पट्टे काढून ठेवलेले खानदेशातले काळे रान डोळ्यांसमोर आणा. पाऊस यायचा आहे, बी पडायचे आहे, काय उगवेल ते कोणाच्या हातात नाही. पण ओळी आखून तयार आहेत, आणि ज्याची त्याची रेघ ज्याच्या त्याच्या पायाखाली आहे.